दंड : व्रताचा आणि आधाराचा

काठी हाती घेणे पुष्कळ वृद्धांस कमीपणाचे वाटते. शास्त्रांची दृष्टी मात्र निराळी आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात (श्लोक ४५ ते ४७) बटूच्या दंडाची लक्षणे दिली आहेत. ब्राह्मणबटूचा दंड बिल्वाचा वा पळसाचा, केसांपर्यंत उंच. सरळ, निर्व्रण, सालीसहित आणि अग्नीने न दूषलेला असावा. हा व्रताचा दंड. चरकसंहितेने सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात दंडधारणाचे गुण सांगताना अडखळणाऱ्यास सावरणे हा गुण आरंभीच घातला आहे. हा आधाराचा दंड.

याची घडण वेगळी. उंची मनगटापर्यंत पुरे. लाकूड सावलीत सावकाश वाळवावे, नाहीतर ते तडकते. मुठीस म्हशीच्या शिंगाचे भरीव टोक घेतात. गवा हा वन्य पशू १९७२ च्या वन्यजीव अधिनियमाने संरक्षित आहे. शिंग तापविले असता मऊ होते, दाबून वळविता येते आणि निवाल्यावर तोच आकार धरते. मग खुंटी घालून मूठ लाकडास जोडतात.

दंडाच्या लाकडास जो अग्नी दोष, तोच शिंगास संस्कार होय. बाल्यी व्रतासाठी ज्याने दंड धरला, त्याने वार्धक्यी आधारासाठी तो धरण्यात संकोच कसला?