न साठवलेला रकाना

तुमच्या ऑफिसातल्या ईआरपीत ‘बिल किती दिवस थकलंय’ असा एक रकाना असेलच. हा आकडा नक्की कुठे साठवलेला असतो? टेबलात, असं वाटत असेल तर थांबा. बऱ्याचदा तो कुठेच नसतो. आपण विचारलं की तेवढ्यापुरता तयार होतो.

कल्पना तशी जुनीच. आपले मुनीम कीर्दीत रोजचे व्यवहार लिहायचे आणि त्यावरून खतावणी मांडायचे. बाकीबद्दल वाद झाला की खरी मानायची ती कीर्द. डेटाबेसच्या जगात १९७० साली आयबीएमच्या एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडलं. साठवलेल्या तक्त्यांवरून दुसरे तक्ते काढता येतात, हा विचार त्यात होताच. १९७५ मध्ये बर्कलीच्या मायकेल स्टोनब्रेकर यांनी व्ह्यू राबवायची एक युक्ती सांगितली. व्ह्यूला विचारलेला प्रश्न आतल्या आत मूळ टेबलांना विचारलेल्या प्रश्नात बदलून टाकायचा. थोडक्यात, व्ह्यूमध्ये माल नसतो, फक्त कृती लिहिलेली असते.

आता धंद्याच्या सॉफ्टवेअरकडे येऊ. डेन्मार्कच्या दामगार्ड बंधूंच्या कंपनीने १९९८ मध्ये ‘अ‍ॅक्सॅप्टा’ बाजारात आणलं. २००० मध्ये ही कंपनी नॅव्हिजनमध्ये विलीन झाली आणि २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली. अ‍ॅक्सॅप्टाचं नाव पुढे डायनॅमिक्स एएक्स झालं. त्यात स्क्रीनवर हिशेबाचा रकाना दाखवायला ‘डिस्प्ले मेथड’ असायची. ती एक्स++ भाषेत लिहायची, आणि ती प्रत्येक ओळीसाठी वेगळी चालायची. अडचण अशी की डेटाबेसला या रकान्याचा पत्ताच नसे. त्यामुळे त्यावर सॉर्ट नाही, फिल्टर नाही. सगळ्यात जुनी थकबाकी वर दाखव म्हटलं की संपलं!

२०११ मध्ये आलेल्या एएक्स २०१२ ने यावर तोड काढली : व्ह्यूमध्येच हिशेबाचा रकाना. इथेही एक्स++ चीच मेथड लिहायची, पण ती उत्तर देत नाही, एसक्यूएलचा तुकडा देते. डेटाबेस सिंक्रोनाइझ होताना तो तुकडा व्ह्यूच्या व्याख्येत जाऊन बसतो. तिथून पुढे सगळा हिशेब डेटाबेस करतो, त्यामुळे सॉर्टही होतं आणि फिल्टरही.

आणि नेमकं इथेच आम्ही आपटलो. ‘थकलेले दिवस’ काढताना मी मेथडमध्ये एक्स++ ची आजची तारीख घेतली. टेस्टिंगमध्ये सगळं बरोबर आलं, कारण सिंक त्याच दिवशी झालं होतं. पण मेथड चालली एकदाच, सिंकच्या वेळी, आणि त्या दिवसाची तारीख व्ह्यूमध्ये दगडावरच्या रेघेसारखी कोरली गेली. दिवस पुढे सरकत होते, थकबाकीचं वय मात्र जागच्या जागी. वसुलीवाल्यांना जी गिऱ्हाइकं नव्वद दिवसांच्या यादीत दिसायला हवी होती, ती साठच्या यादीत आरामात बसलेली. एरर नाही, लॉग नाही. अकाउंट्समधल्या एका काकांनी बिलाची तारीख बोटांवर मोजली, तेव्हा चूक सापडली.

दुरुस्ती एका ओळीची. तारखेऐवजी ‘आजची तारीख काढ’ ही एसक्यूएलची सूचना मेथडमधून परत पाठवायची, की डेटाबेस ती दर वेळी नव्याने काढतो. पण ती ओळ लिहिताना मला पहिल्यांदा नीट कळलं की मी दोन वेगवेगळ्या वेळांसाठी कोड लिहितोय : एक सिंकची वेळ, दुसरी कोणीतरी रिपोर्ट उघडेल ती वेळ.

डायनॅमिक्स ३६५ फायनान्समध्येही हे रकाने याच पद्धतीने चालतात. तेव्हा पुढच्या वेळी असा रकाना लिहाल, तेव्हा सिंक न करता एक रात्र जाऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी आकडा पुन्हा बघा. बदलला नसेल, तर तुम्ही कृतीच्या जागी शिळा पदार्थ ठेवलाय.

असो. त्या काकांना मी चहा पाजला. त्यांनी मात्र कुठलाही व्ह्यू न बघता, मूळ बिलं काढून पुन्हा एकदा मोजून घेतलं.