आर्टिस्ट्स व्हिलेज, बेलापूर
नवी मुंबईतील बैठ्या व दुमजली घरांची वसाहत. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) यांच्या मुंबईतील कार्यालयाने १९८० च्या दशकात सिडको या नगरविकास महामंडळासाठी आखली. सुमारे ८ मीटर लांब-रुंद अंगणाभोवती सात घरे आणि अशा तीन समूहांमध्ये आणखी मोठे अंगण, अशी तिची रचना आहे. दोन घरांत सामाईक भिंत नाही. कुटुंब वाढले की घरही वाढवता यावे, हा हेतू. भूखंड ४५ ते ७५ चौ. मी., म्हणजे लहानमोठ्या घरांत तफावत थोडीच. याच कार्यालयाची कंबाला हिलवरील कांचनजंगा (१९८३) ही श्रीमंतांची उत्तुंग इमारत अधिक गाजली. गृहरचनेचा विचार मात्र बेलापुरात अधिक खोल आहे. पुढे अनेक मालकांनी मूळ उतरत्या छपराची घरे पाडून काँक्रीटची बांधली.