चिठ्ठीपासून झोटेरोपर्यंत : इतिहाससंशोधनातील संदर्भनोंदींची वाटचाल

प्रस्तावना

इतिहासलेखनाची विश्वसनीयता साधनांवर अवलंबून असते. ती साधने वाचकास पुन्हा पडताळता येतील अशा रीतीने नोंदविणे ही इतिहासकाराची प्राथमिक जबाबदारी होय. हे काम आता मोठ्या प्रमाणावर संगणकीय संदर्भ-व्यवस्थापन प्रणालींच्या साहाय्याने केले जाते. या प्रणालींची पूर्वपीठिका आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या संदर्भात त्यांची मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सुट्या चिठ्ठीची पद्धत

१८९८ मध्ये लांग्लवा व सेन्योबोस या फ्रेंच इतिहासकारांनी इतिहासाच्या अभ्यासपद्धतीवरील आपल्या ग्रंथात टिपणे सुट्या चिठ्ठ्यांवर घ्यावीत व प्रत्येकीवर तिचे मूळ नोंदवावे, असे प्रतिपादन केले. त्याच वर्षी वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ मध्ये डॉ. सु. मं. कत्रे यांनी संस्कृत महाकोशाचे कार्य आरंभिले. त्यासाठी सुमारे १५०० ग्रंथांतून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. चिठ्ठी हवी तशी लावता येते, हे या पद्धतीचे बळ. मात्र एका वेळी ती एकाच क्रमाने लावता येते, ही तिची मर्यादा.

संगणकीय प्रणाली

ही मर्यादा संगणकाने दूर केली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘एंडनोट’ ही प्रणाली आली. २००६ मध्ये अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास व नवमाध्यम केंद्राने ‘झोटेरो’ ही विनामूल्य प्रणाली उपलब्ध करून दिली. ती इतिहासकारांच्या केंद्रात घडल्याने पुस्तक व लेख यांबरोबरच पत्र, हस्तलिखित, अभिलेखागार आणि त्यातील स्थान यांसाठीही तीत रकाने आहेत. एकदा केलेली नोंद कोणत्याही संदर्भशैलीत आपोआप मांडली जाते.

मराठी साधनांची अडचण

तथापि मोडी कागद या रकान्यांत सहजासहजी बसत नाही. ‘सबैन मया व अलफ’ असा सन असलेले पत्र शुहूर ११७० चे होय. शुहूर सन मृग नक्षत्राला बदलत असल्याने त्याचा मेळ इ. स. १७६९-७० या दोन वर्षांशी बसतो. दिनांकाच्या रकान्यात केवळ १७६९ लिहिल्यास संशोधकाचे अनुमान मूळ कागदाची साक्ष म्हणून वावरू लागते.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागद १९३० च्या दशकात ४५ खंडांत संपादित केले. छापील खंडात वाचलेले पत्र रुमालात प्रत्यक्ष पाहिल्याप्रमाणे नोंदविले, तरी प्रणाली त्याचा निर्दोष दिसणारा संदर्भ तयार करते. हस्ताक्षरातील चिठ्ठीवरही असे असत्य लिहिता येत असे. परंतु सुबक छापील तळटीप वाचकाच्या मनात शंकेस जागाच ठेवीत नाही.

निष्कर्ष

यावर उपाय साधा आहे. मूळ कालनिर्देश जसाच्या तसा टिपण म्हणून ठेवावा आणि इसवी सनातील रूपांतर त्यापासून वेगळे दाखवावे. रुमाल क्रमांक पाहिला असेल तरच लिहावा. अन्यथा छापील खंड व पत्रक्रमांक द्यावा. विद्यार्थ्यांना प्रणाली शिकविताना हा विवेकही शिकविणे आवश्यक आहे. संदर्भाची मांडणी यंत्र करू शकते. साधन स्वतः पाहिल्याची साक्ष मात्र संशोधकालाच द्यावी लागते.