पाचव्या फेरीतला सेंटर : पिट्सबर्ग स्टीलर्सचा १९७४ चा ड्राफ्ट

२९ जानेवारी १९७४. अमेरिकन फुटबॉलची राष्ट्रीय लीग, म्हणजे एनएफएल, महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची वाटणी करण्यासाठी न्यूयॉर्कमध्ये बसली. दोन दिवस, २६ संघ, १७ फेऱ्या, ४४२ नावे. त्यांपैकी १२५ वे नाव विस्कॉन्सिन विद्यापीठातील माइक वेब्स्टर या तरुणाचे होते. ते पिट्सबर्ग स्टीलर्सने उच्चारले, तेव्हा फारसे कोणी मान वर करून पाहिले नाही.

हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडचा पायाने खेळायचा खेळ नव्हे. लंबगोल चेंडू, डोक्यावर शिरस्त्राण आणि प्रत्येक डावाच्या आरंभी समोरासमोर टक्कर, असे त्याचे स्वरूप आहे. ड्राफ्टही आयपीएलच्या लिलावासारखा नसतो. तेथे बोली नसते, पाळी असते. मागील हंगामात जो संघ तळाला, त्याची पाळी आधी. खेळाडूने कोठे जायचे, हे त्याला कोणी विचारत नाही. त्यामुळे संघांचे सारे कौशल्य एकाच गोष्टीत पणाला लागते : बावीस वर्षांच्या मुलाकडे पाहून तो पुढे कसला माणूस होईल, हे ओळखणे.

स्टीलर्सचा संघ १९३३ साली स्थापन झाला आणि चाळीस वर्षांत त्याला एकही विजेतेपद मिळाले नव्हते. १९६९ मध्ये चक नोल हे प्रशिक्षक म्हणून आले, त्या हंगामात १४ पैकी १३ सामने संघ हरला. नोल यांनी तो हळूहळू उभा केला होता. परंतु शेवटचा टप्पा गाठणारी माणसे अजून हवी होती.

ही माणसे शोधणाऱ्यांत एक नाव वेगळे आहे. बिल नन हे मूळचे पत्रकार. कृष्णवर्णीय अमेरिकनांचे प्रभावी वृत्तपत्र असलेल्या ‘पिट्सबर्ग कुरियर’चे ते क्रीडा संपादक आणि पुढे व्यवस्थापकीय संपादक होते. वंशभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या महाविद्यालयांतील उत्तम खेळाडूंची यादी ते दरवर्षी प्रसिद्ध करीत. गावोगावचे प्रशिक्षक त्यांना ओळखत आणि त्यांच्यावर विश्वास ठेवत. मात्र आपल्याच शहरातील स्टीलर्सच्या सामन्यांना जाणे ते टाळत, कारण संघाचे कृष्णवर्णीयांशी वागणे त्यांना पटत नव्हते. मालकांचे पुत्र डॅन रूनी यांनी त्यांना बोलावून कारण विचारले, ननांनी ते तोंडावर सांगितले, आणि रूनींनी रागावण्याऐवजी त्यांनाच कामावर घेतले. १९६७ पासून नन स्टीलर्ससाठी खेळाडू हेरू लागले. या संघाच्या भाग्योदयाची तारीख द्यायचीच असेल, तर ती एखाद्या सामन्याची नसून या संभाषणाची द्यावी लागेल.

जॉन स्टॉलवर्थ हा ननांचा शोध. टस्कलूसा गावात अलाबामा विद्यापीठाचा बलाढ्य संघ होता. त्याच गावात वाढलेल्या स्टॉलवर्थला त्या संघाने घेतले नाही. त्या विद्यापीठाच्या मुख्य संघातून कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरले तेच मुळी १९७१ मध्ये. स्टॉलवर्थ हंट्सव्हिलच्या अलाबामा ए अँड एम या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात गेला. निरनिराळ्या संघांचे स्काउट त्याची धाव मोजायला आले, तेव्हा जमीन ओली होती आणि वेळ साधारण लागली. ते निघून गेले. नन मात्र तब्येत बरी नसल्याचे सांगून मागे थांबले आणि दुसऱ्या दिवशी कोरड्या जमिनीवर त्यांनी एकट्याने पुन्हा वेळ मोजली. महाविद्यालयाकडून त्याच्या खेळाची चित्रफीत आणली, ती इतर संघांच्या हाती लवकर पडणार नाही याचीही काळजी घेतली. असे किस्से पन्नास वर्षे सांगून सांगून गुळगुळीत होतात, हे खरे. पण स्टॉलवर्थ ८२ व्या क्रमांकापर्यंत शिल्लक राहिला, हे नोंदींत आहे. तो मितभाषी होता, पुढचे पाहणारा होता. खेळत असतानाच त्याने व्यवस्थापनाचे शिक्षण घेतले, हंट्सव्हिलमध्ये संरक्षण क्षेत्रासाठी काम करणारी कंपनी उभारली आणि २००९ मध्ये तो चक्क स्टीलर्सच्या भागधारक मालकांपैकी एक झाला.

पहिल्या फेरीत घेतलेला लिन स्वान त्याच्या अगदी उलट होता. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचा हा तारा बोलका, देखणा, प्रसिद्धीची सवय असलेला. लहानपणापासून तो बॅले शिकला होता, आणि ते त्याच्या हवेतील उड्यांत दिसे. दोघांचेही काम एकच : लांब धावत जाऊन चेंडू झेलणे. एकाच ड्राफ्टमध्ये एकाच जागेसाठी दोघांना कशाला घेतले, असा आक्षेप शहरातील वृत्तपत्रांनी घेतला. त्यांच्या मते स्वान सोडला तर बाकी सारी प्रश्नचिन्हेच होती.

दुसऱ्या फेरीतील जॅक लॅम्बर्ट हे त्यांतले मोठे प्रश्नचिन्ह. बचावफळीच्या मध्यभागी उभा राहणारा लाइनबॅकर धिप्पाड हवा. हा सव्वासहा फुटांहून उंच आणि वजनाने जेमतेम ९२ किलो. ओहायोच्या केंट स्टेट विद्यापीठात स्काउट गेले, तेव्हा मैदानात चिखल असल्याने संघ वाहनतळावर सराव करीत होता. तशा खडीवर लॅम्बर्टने झेप घेऊन प्रतिस्पर्ध्याला पाडले आणि उठून अंगात रुतलेले खडे काढत पुन्हा जागेवर जाऊन उभा राहिला. शाळेत बास्केटबॉल खेळताना त्याचे पुढचे दात पडले होते. दातांविना वचावलेला त्याचा चेहरा पुढे छायाचित्रकारांनी अमर केला, आणि लोकांनी त्याला निव्वळ रानटी ठरवले. वस्तुतः निवड झाल्यावर, सराव सुरू होण्याच्याही आधी, तो शनिवार-रविवारी ओहायोहून गाडी हाकत पिट्सबर्गला येई आणि सामन्यांच्या चित्रफिती पाहत बसे. भीती वाटावी असा चेहरा आणि विद्यार्थ्याची शिस्त, या दोहोंतले पहिलेच जगाला दिसले.

त्या उन्हाळ्यात अनुभवी खेळाडूंनी संप पुकारला. सराव शिबिरात आरंभी बहुतांशी नवखेच होते, आणि मुळात शिक्षकी वृत्तीच्या नोल यांना त्यांच्यावर हवा तेवढा वेळ देता आला. याच शिबिरात डॉनी शेल होता. त्याला ४४२ जणांत कोणीही निवडले नव्हते. दक्षिण कॅरोलिनातील आणखी एका कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयातून ननांनी त्याला आणले होते. तो १४ हंगाम टिकला.

आणि वेब्स्टर. उत्तर विस्कॉन्सिनमध्ये बटाट्याच्या शेतावर वाढलेला, अबोल, कष्टाळू. तो सेंटर होता. सेंटरचे काम असे : वाकून चेंडू दोन पायांमधून मागे द्यायचा आणि त्याच क्षणी समोरून येणाऱ्या धिप्पाड देहांना डोक्याने, खांद्याने अडवायचे. दर डावाला, दर सामन्याला. या कामासाठी तो लहान चणीचा समजला गेला, म्हणून पाचव्या फेरीपर्यंत खाली आला. त्याने व्यायामाने शरीर घडवले. हाडे गोठवणाऱ्या थंडीतही तो बाह्या दुमडून उघड्या दंडांनी खेळे. दुखणे कधी सांगत नसे. प्रशिक्षकांना याहून अधिक काय हवे असते?

१२ जानेवारी १९७५ रोजी स्टीलर्सने मिनेसोटाला १६-६ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. सहा वर्षांत अशी चार. पुढल्या वर्षीच्या अंतिम सामन्याआधी दोन आठवडे स्वानला डोक्यावर इतका जबर फटका बसला की त्याला रुग्णालयात ठेवावे लागले. तरी तो खेळला; चार झेलांत १६१ यार्ड मिळवून सामन्याचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. मेंदूला बसलेल्या धक्क्यानंतर चौदा दिवसांत मैदानात उतरणे याला तेव्हा धैर्य म्हणत, आणि त्या काळाचा खेळाकडे पाहण्याचा सारा दृष्टिकोन या एका गोष्टीत सामावला आहे.

स्वान, लॅम्बर्ट, स्टॉलवर्थ आणि वेब्स्टर हे चौघेही लीगच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. एका संघाने एकाच ड्राफ्टमध्ये असे चौघे निवडल्याचे दुसरे उदाहरण नाही. शेलचे नाव २०२० मध्ये आले, तर ननांचे २०२१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी.

वेब्स्टरचा गौरव १९९७ मध्ये झाला. त्याचे भाषण वीस मिनिटांहून अधिक लांबले आणि वाटेत अनेकदा भरकटले. स्टीलर्ससाठी १५ हंगामांत २२० सामने खेळलेला हा माणूस तोवर आठवणी हरवू लागला होता, कधी आपल्या गाडीतच झोपत होता. १९९९ मध्ये लीगच्याच निवृत्तिवेतन मंडळाने मान्य केले की खेळताना डोक्याला बसलेल्या आघातांनी तो अपंग झाला आहे. उघडपणे मात्र लीग पुढे कित्येक वर्षे असा संबंध नाकारत राहिली. २४ सप्टेंबर २००२ रोजी, वयाच्या ५० व्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला.

पिट्सबर्गच्या शवागारात त्या दिवसांत बेनेट ओमालू हे नायजेरियात जन्मलेले डॉक्टर काम करीत होते. मेंदू वरून निरोगी दिसत होता. त्यांनी तो जतन करून त्याचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, आणि तोवर प्रामुख्याने मुष्टियोद्ध्यांत ठाऊक असलेला ऱ्हास त्यांना एका फुटबॉलपटूच्या मेंदूत आढळला. २००५ मध्ये त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. लीगशी संबंधित डॉक्टरांनी तो मागे घेण्याची मागणी केली. ती मान्य झाली नाही. डिसेंबर २००६ मध्ये अपील न्यायालयाने वेब्स्टरच्या थकलेल्या निवृत्तिवेतनाचा निकाल त्याच्या वारसांच्या बाजूने कायम केला. तेव्हा त्याला जाऊन चार वर्षे झाली होती.