आधी शिट्टी, मग पडदा

मुलुंडच्या एका शाळेतला संगणक भर पावसाळ्यात बंद पडला. सुरू केला की पडदा काळा, आणि आतून लांब शिट्टी पुन्हा पुन्हा. तो भंगारात काढायचे ठरलेच होते. आम्ही म्हटले, ओरडतो आहे तर आधी ऐकू या.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ सुरू झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या. बिघाड शोधायला जाणकारच हवेत. १९८१ साली आय.बी.एम.चा पी.सी. आला, तो घराघरांतल्या टेबलांवर. शेजारी अभियंता कुठून असणार? सुरू होताच स्वतःला तपासण्याचा कार्यक्रम त्याच्या रॉममध्येच भरलेला होता. पण पडदा जागा होण्याआधीच दोष सापडला तर सांगायचे कसे? शिट्टी वाजवून! सगळे ठीक असेल तर एकच, आखूड. पुढे निरनिराळ्या उत्पादकांनी आपापल्या खुणा ठरवल्या, हा मात्र वैतागच.

आमच्या यंत्राच्या पुस्तिकेत पुन्हा पुन्हा वाजणारी लांब शिट्टी म्हणजे स्मृतीत दोष. प्लग काढला, पेटीच्या धातूला हात लावून अंगावरचा स्थितिक विद्युतभार घालवला, रॅमची पट्टी काढली. दमट हवेने मळलेली तिची सोनेरी कड खोडरबराने हलकेच पुसली, कण झटकले, पट्टी घट्ट बसवली.

एकच आखूड शिट्टी. पडदा उजळला.