कॅबिनेटचं कूळ

वढू बुद्रुकमधला एखादा मुलगा गेमिंगसाठी कॉम्प्युटर जोडायला निघाला की हिशेब ग्राफिक्स कार्डापासून मांडतो. मग प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, आणि शेवटी उरतील त्या पैशांत कॅबिनेट. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलं तरी सल्ला बहुधा तोच मिळतो: बाकीचं चांगलं घ्या, डबा कुठलाही चालेल. मला हा क्रम उलटा वाटतो. कार्ड चार-पाच वर्षांत मागे पडतं, प्रोसेसरचं सॉकेट कंपनीच बदलून टाकते. डब्याची काही मापं मात्र चाळीस वर्षांहून जुनी आहेत, आणि पुढचे तीन कॉम्प्युटर त्याच डब्यात मावू शकतात.

हे कूळ सुरू होतं अमेरिकेत फ्लोरिडातल्या बोका रेटन गावात. डॉन एस्ट्रिज यांच्या हाताखालच्या छोट्या गटाला आयबीएमने साधारण वर्षभरात घरगुती-कचेरी वापराचा कॉम्प्युटर उभा करायला सांगितलं होतं. सगळं घरात बनवायला वेळ नव्हता. म्हणून प्रोसेसर इंटेलचा, ऑपरेटिंग सिस्टीम मायक्रोसॉफ्टची, अशी बाहेरून खरेदी झाली. 12 ऑगस्ट 1981 रोजी आयबीएम पीसी बाजारात आला. आत पाच स्लॉट होते आणि सोबत विकत मिळणाऱ्या तांत्रिक पुस्तिकेत सर्किटचे आराखडेसुद्धा छापलेले होते. कुणीही कार्ड बनवावं आणि विकावं, असं जणू आमंत्रणच. राखीव होतं ते फक्त बायॉस, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम. कॉम्पॅकने 1982 मध्ये मूळ मजकुराला हात न लावता तशाच वागणुकीचं बायॉस नव्याने लिहून घेतलं, पुढे फिनिक्स कंपनी तसं बायॉस कुणालाही विकू लागली, आणि आयबीएमच्या हातून पीसी सुटला. तपकीर गल्ली असो की मुंबईचा लॅमिंग्टन रोड, असेंबल्ड पीसीचा धंदा या घाईगर्दीतल्या निर्णयावर उभा आहे.

पहिल्या पीसीत दोन स्लॉटांमध्ये एक इंच अंतर होतं. 1983 च्या एक्सटी मॉडेलमध्ये आठ स्लॉट बसवायचे म्हणून ते 0.8 इंच केलं, म्हणजे 20.32 मिलिमीटर. आजच्या कुठल्याही कॅबिनेटच्या मागच्या उभ्या फटींना पट्टी लावून पाहा, अंतर तेच भरेल. ‘तीन स्लॉटचं कार्ड’ असं खोक्यावर छापलेलं असतं, तेव्हा जाडी मोजलेली असते ती एक्सटीच्या मापाने. 2003 मध्ये जीफोर्स एफएक्स 5800 अल्ट्राने पंख्यापायी दोन स्लॉट अडवले तेव्हा केवढी ओरड झाली होती. आता साडेतीन अडले तरी कुणाला काही वाटत नाही.

डबा लोखंडी पत्र्याचाच का, यामागेही एक गोष्ट आहे. सत्तरच्या दशकातले घरगुती कॉम्प्युटर प्लॅस्टिकच्या कवचात असत आणि शेजारच्या टीव्ही-रेडिओवर खरखर उठवत. अमेरिकेच्या संचार आयोगाने 1979 मध्ये त्याविरुद्ध नियम केले. टॅण्डी कंपनीचं गाजलेलं टीआरएस-80 हे पहिलं मॉडेल त्यामुळे बंद करावं लागलं. आयबीएमचा पीसी आला तोच धातूच्या पेटीत. लहरी आत कोंडायला पत्रा, आणि वायरीतून निसटणाऱ्या लहरी अडवायला पॉवर सप्लायच्या, म्हणजे एसएमपीएसच्या, तोंडाशी फिल्टर. या फिल्टरमध्ये दोन छोटे कपॅसिटर असतात: एक फेजकडून अर्थिंगला, दुसरा न्यूट्रलकडून अर्थिंगला. अर्थिंग धड असेल तर त्यांचा किरकोळ प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर सगळा पत्रा साधारण निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे 115 च्या आसपास तरंगत राहतो, आणि पेन ड्राइव्ह लावायला हात मागे नेला की बोटांना झिणझिण्या येतात. प्रवाह मिलिअँपिअरहून कमी, त्यामुळे एरवी जिवाला धोका नाही. पण ‘कॅबिनेटला करंट येतो’ म्हणून दुकानदाराशी भांडण्याआधी घराबाहेरच्या अर्थिंगच्या खड्ड्यात शेवटचं पाणी आणि मीठ-कोळसा कधी पडला ते विचारावं. गावाकडच्या अनेक घरांत तीन पिनांच्या सॉकेटचं वरचं भोक केवळ शोभेचं असतं.

आपल्याकडे पीसी पसरला तो 1984 च्या नव्या संगणक धोरणानंतर, आणि वढूसारख्या शिरूर तालुक्यातल्या गावांपर्यंत खऱ्या अर्थाने पोचला 2001 नंतर, एमकेसीएलच्या एमएस-सीआयटीच्या वर्गांबरोबर. त्याआधीच्या, आयबीएमच्या एटी मॉडेलच्या जातीच्या कॅबिनेटांवर हात बसलेले मेकॅनिक आजही एक नियम सांगतात: काळ्याला काळी. मदरबोर्डाला वीज देणारे दोन वेगळे कनेक्टर असत, पी8 आणि पी9. दोन्हींच्या काळ्या वायरी मधोमध शेजारी यायला हव्यात. अदलाबदल झाली की बोर्ड संपला. शिवाय पुढच्या बटणापर्यंत थेट 230 व्होल्टची वायर आलेली असे. कॉम्प्युटर स्वतःहून बंद होत नसे. विंडोज 95 ‘आता बंद केलात तरी चालेल’ असं पडद्यावर लिहून थांबे आणि बटण माणसाने दाबायचं.

1995 मध्ये इंटेलने एटीएक्स हे नवं माप काढलं आणि हे प्रकार संपवले. कनेक्टर एकच, आणि तो उलटा बसणारच नाही असा. बटणाला वीज नाही, फक्त इशारा. जुना बेबी एटी बोर्ड जणू काटकोनात फिरवला, त्यामुळे लांब कार्ड प्रोसेसरच्या पंख्यावर आदळायचं थांबलं. बोर्ड 305 बाय 244 मिलिमीटर. 1997 चा मायक्रो एटीएक्स 244 बाय 244. 2004 मध्ये इंटेलनेच बीटीएक्स नावाचं जास्त शहाणं, हवा सरळ खेळवणारं माप आणलं, पण बाजाराने ते घेतलं नाही. लाखो डबे आणि बोर्ड एटीएक्सच्या भोकांवर ठरलेले असताना शहाणपणाला कोण विचारतो?

बदलली ती वीज. पहिल्या पीसीचा पॉवर सप्लाय 63.5 वॉटचा होता, एक्सटीचा 130, एटीचा 192. आज आरटीएक्स 5090 हे एकटं कार्ड 575 वॉट मागतं. इतकी उष्णता बाहेर काढायची म्हणून डब्याची अंतर्रचना फिरली. 2005 च्या अँटेक पी180 मध्ये पॉवर सप्लाय वरून तळाशी, स्वतंत्र कप्प्यात आला आणि बाकीच्यांनी हळूहळू तीच वाट धरली. त्यानंतर दशकभराने काचेची लाट आली: बाजूला काच, पुढेही काच, आत रंगीत दिवे. दिसायला झकास, पण पुढून हवा घ्यायला जागा नाही. आता पुन्हा जाळीदार तोंडाचे डबे आले आहेत, आणि भीमेकाठच्या उन्हाळ्यात जाळीच घ्यावी. मात्र कोरेगाव भीमाकडून येणारी धूळही त्याच जाळीतून येते, तेव्हा सुटी निघणारी, नळाखाली धुता येणारी फिल्टरची जाळी नसेल तर तो डबा घेऊ नये. डब्यासोबत ‘फुकट’ येणारा एसएमपीएस तर दुकानातच ठेवून यावा.

विकत घ्यायचा नसेल तर जुना डबाही चालतो. काका-मामाच्या वेळचं 2005-06 चं कॅबिनेट माळ्यावर असेल, तर त्याची भोकं आजच्या एटीएक्स किंवा मायक्रो एटीएक्स बोर्डाला जुळतात. अडतो तो हार्ड डिस्कचा पिंजरा. नवं कार्ड तीनशे मिलिमीटरच्या आसपास लांब असतं आणि थेट त्याला भिडतं. कॅबिनेट बहुतेक चीनहून येत असली तरी पत्र्याचं काम जाणणारी माणसं या भागात कमी नाहीत. सणसवाडी-रांजणगावच्या कारखान्यांत जाणारं कुणी ना कुणी ओळखीचं निघतंच. पिंजरा रिव्हेटांनी बसवलेला असतो. रिव्हेटची डोकी ड्रिलने उडवली की तो सुटतो, आणि पुढच्या प्लॅस्टिकच्या तोंडामागे 120 मिलिमीटरचा पंखा बसवायला जागा होते. ड्रिल मारण्याआधी आतला बोर्ड, वायरी, सगळं बाहेर काढावं, आणि नंतर डबा उलटा करून लोखंडाचा चुरा ब्रशने पूर्ण झाडावा. बोर्डाखाली राहिलेला एक कणसुद्धा शॉर्ट करायला पुरतो.