गोळी सरळ का जात नाही?

जत्रेतल्या फुगे फोडण्याच्या दुकानात नेहमी दिसणारा प्रकार असा : नेम धरावा लाल फुग्यावर आणि फुटावा शेजारचा पिवळा. ‘बंदुकीची माशी वाकडी आहे,’ असे म्हणून आपण पुढे जातो. पण बंदूक जागच्या जागी घट्ट आवळून तिच्यातून एकापाठोपाठ दहा छर्रे उडवले, तरी ते सारे एकाच भोकातून जात नाहीत. म्हणजे येथे दोष दोन आहेत. सगळे छर्रे मिळून एका बाजूला सरकणे हा पहिला. तो माशी किंवा मागची खाच सरकवून दूर करता येतो. छर्रे एकमेकांपासून फाकणे हा दुसरा. त्यावर माशी कितीही सरकवली तरी उपाय होत नाही. मापनाच्या पाठात आपण पद्धतशीर त्रुटी आणि यादृच्छिक त्रुटी असा जो भेद शिकवतो, तो हाच. या दुसऱ्या दोषाच्या मागे लागलेल्या एका माणसाने यामिकीला एक नवे दालन उघडून दिले. त्याची ही हकिकत.

वहीतला अन्वस्त आणि मैदानातली गोळी

फेकलेल्या वस्तूचा मार्ग अन्वस्ताकार असतो, हे गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडले. आपली पाठ्यपुस्तके आजही तेच सांगतात आणि वर ‘हवेचा विरोध उपेक्षणीय मानू’ अशी पुस्ती जोडतात. बंदुकीच्या प्रचंड वेगाला हा नियम जसाच्या तसा लागू पडणार नाही, याची जाणीव खुद्द गॅलिलिओला होती. पुढे न्यूटनने द्रवातल्या आणि हवेतल्या विरोधाचा विस्ताराने विचार केला. तरीही तोफांवर लिहिणारे पुष्कळ लोक अन्वस्तच गृहीत धरून चालत. हवा इतकी विरळ, शिसे इतके जड. त्याला ती काय अडवणार, असा त्यांचा तर्क होता.

हा तर्क तपासायचा, तर गोळीचा वेग मोजायला हवा. डोळ्याला न दिसणाऱ्या वस्तूचा वेग मोजायचा तरी कसा?

रॉबिन्सचा लंबक

इंग्लंडमधल्या बाथ गावी १७०७ साली बेंजामिन रॉबिन्सचा जन्म झाला. घर क्वेकर पंथाचे, म्हणजे शस्त्र हाती न धरणाऱ्यांचे. त्याच घरातल्या या मुलाने १७४२ साली तोफशास्त्रावरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात वर्णिलेली युक्ती साधी आहे. लाकडाचा एक जड ठोकळा लंबकासारखा टांगायचा आणि त्यावर गोळी झाडायची. गोळी ठोकळ्यात रुतते आणि ठोकळा मागे झुलतो. तो किती झुलला हे त्याला जोडलेल्या फितीवरून कळते. संवेगाच्या अक्षय्यतेचा नियम वापरला, की ठोकळ्याच्या मंद गतीवरून गोळीचा वेग काढता येतो. गोळीपेक्षा शेकडो पट जड वस्तू तितक्याच पटीने सावकाश हलते. म्हणजे न दिसणारा वेग दिसण्याजोगा होतो.

मग हाच लंबक रॉबिन्सने बंदुकीपासून निरनिराळ्या अंतरांवर ठेवून पाहिला. दूरवर पोचलेल्या गोळीचा वेग कमी भरला. जो वेग हरवला तो हवेने खाल्ला. पाऊण इंच व्यासाच्या शिशाच्या गोळीला सेकंदाला १,६७० फूट वेग असताना हवेचा विरोध तिच्या स्वतःच्या वजनाच्या सुमारे १२० पट असतो, असे त्याला आढळले!

‘उपेक्षणीय’ हा शब्द येथे किती फसवा आहे, हे विद्यार्थ्यांना गणितानेच दाखवावे. हा वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर होतो. ४५ अंशांच्या कोनात झाडलेल्या गोळीचा पल्ला म्हणजे वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरण, अर्थात सुमारे २५ किलोमीटर. प्रत्यक्षात अशी गोळी एक-दोन किलोमीटरही जाईल की नाही याची शंका. शिवाय, वेग ध्वनीच्या वेगाच्या आसपास पोचला की विरोध एकदम वाढतो, हेही रॉबिन्सच्या ध्यानात आले होते.

गोळी वळते

विरोधामुळे गोळी अलीकडे पडेल. पण ती डावी-उजवीकडे का फाकते? रॉबिन्सचे म्हणणे असे : गोल गोळी नळीत सैल बसते, बाहेर पडताना नळीच्या कोठल्या तरी बाजूला घासते आणि त्यामुळे स्वतःभोवती फिरू लागते. ही फिरकी दर वेळी निराळी असते. फिरत्या गोळीच्या दोन बाजूंना हवेचा दाब सारखा राहत नाही, म्हणून ती वळते.

हे पुस्तक १७४५ साली जर्मन भाषेत आणले ते ऑयलरने, तेही मूळ पुस्तकाहून कितीतरी मोठे भाष्य जोडून. त्या काळचा सर्वांत थोर गणिती तो. विरोधाचे गणित त्याने पुढे नेले. पण फिरकीमुळे गोळी वळते ही गोष्ट मात्र त्याला पटली नाही. गोळी पुरेशी गोल नसल्यामुळे असे होत असावे, असे त्याचे मत पडले.

रॉबिन्सने या वादासाठी एक नामी प्रयोग योजला. बंदुकीच्या नळीचे तोंड त्याने मुद्दाम डावीकडे वाकवले. अशा नळीतून सुटणारी गोळी उजव्या भिंतीला घासत जाणार आणि त्यानुसार तिला फिरकी मिळणार. त्याचे भाकीत होते, की ती आधी डावीकडे जाईल आणि मग हवेतच उजवीकडे वळेल. वाटेत पातळ कागदाचे पडदे टांगून त्याने गोळ्या झाडल्या. भोके पाहिली, तर जवळच्या पडद्यांवर ती डावीकडे होती. पुढे मात्र मार्ग उजवीकडे वळला होता. थोरांचे मत एकीकडे आणि कागदावरची भोके दुसरीकडे!

रॉयल सोसायटीने १७४६ साली रॉबिन्सला कॉप्ली पदक दिले. पुढे तो ईस्ट इंडिया कंपनीचा अभियंता म्हणून आपल्याकडे आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात तापाने वारला. फिरकीच्या या परिणामाला आज आपण ‘मॅग्नस परिणाम’ म्हणतो. जर्मनीतील गुस्टाफ मॅग्नसने त्यावर प्रयोग केले ते १८५२च्या सुमारास, म्हणजे शंभर वर्षांनंतर.

फिरकीवर फिरकीचाच उपाय

नळीच्या आत मळसूत्री आटे पाडले की नेम सुधारतो, हे जर्मन कारागिरांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. कारण मात्र ठाऊक नव्हते. ते रॉबिन्सने १७४७ साली स्पष्ट केले. आटे गोळीला ठरावीक फिरकी देतात आणि तिचा अक्ष गोळीच्या गतीच्याच दिशेत असतो. अक्षाभोवती सर्व बाजूंना परिस्थिती सारखीच, त्यामुळे एका बाजूला ढकलणारे बल उरत नाही.

पण आट्यांत गोळी घट्ट बसायला हवी आणि घट्ट गोळी तोंडाकडून ठोकून भरायला वेळ फार लागे. १८४९ साली फ्रान्समधील मिनिए याच्या गोळीने ही अडचण सोडवली. बूड पोकळ ठेवले, की स्फोटाच्या दाबाने ते फुलते आणि आट्यांत रुतते. अशाच जातीच्या एनफिल्ड रायफलीच्या काडतुसांना वंगण म्हणून लावलेली चरबी १८५७ साली केवढ्या वणव्याची ठिणगी ठरली, हे इतिहासाच्या तासाला सांगितलेच जाते.

हवेची बंदूक

छऱ्याच्या बंदुकीत दारूऐवजी दाबलेली हवा असते, एवढाच फरक. हीही कल्पना जुनीच. १७८०च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्याने जिरार्दोनीची हवेची रायफल घेतली होती. आजचा छर्रा मध्ये चिमटलेला आणि मागे पोकळ घेराचा असतो. तो घेर दाबाने आट्यांना भिडतो. तत्त्व मिनिएच्या गोळीचेच.

स्प्रिंगच्या बंदुकीत एक निराळीच पंचाईत असते. चाप ओढताच जड दट्ट्या पुढे धावतो, त्यामुळे बंदूक आधी मागे आणि दट्ट्या थांबताना पुढे हिसकते. तेवढ्या वेळात छर्रा अजून नळीतच असतो. पुष्कळ हौशी लोक अधिक वेगासाठी जास्त ताठ स्प्रिंग बसवतात. त्याने हिसका वाढतो आणि छर्रा ध्वनीच्या वेगाकडे, म्हणजे रॉबिन्सला दिसलेल्या त्याच अडचणीच्या पट्ट्याकडे सरकतो. नेमबाजीच्या स्पर्धेतल्या रायफली उलट मार्गाने सुधारल्या. वेग सेकंदाला १७०-१८० मीटर इतकाच, हिसका जवळजवळ नाहीसा आणि स्प्रिंगऐवजी टाकीतली दाबलेली हवा. शिवाय रायफल घट्ट आवळून निरनिराळ्या घाण्यांतले छर्रे उडवून पाहायचे आणि ज्यांचा पुंजका सर्वांत लहान तेच निवडायचे. आधी फाकणे कमी करायचे, माशी नंतर सरकवायची. दहा मीटरवरच्या कागदावर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो! या प्रकारात अंजली भागवत २००० साली सिडनीत अंतिम फेरीत पोचल्या आणि २००८ साली बीजिंगमध्ये अभिनव बिंद्रा यांनी सुवर्णपदक मिळवले.

वर्गात करून पाहा

यातले एक तत्त्व पाहायला बंदुकीची गरज नाही. हा प्रयोगही रॉबिन्सचाच. लाकडी चेंडू दुहेरी दोरीने टांगा. चेंडू फिरवून दोरीला भरपूर पीळ द्या आणि मग लंबकासारखा सोडा. पीळ उलगडताना चेंडू फिरू लागतो आणि सरळ झोके न घेता एका बाजूला सरकत जातो. पीळ उलटा दिला, की तो दुसऱ्या बाजूला सरकतो. असे का होते, हे सांगण्यापूर्वी विद्यार्थ्यांना भाकीत लिहून ठेवायला सांगावे. नंतर चेंडू काय करतो ते त्यांनी स्वतः पाहावे आणि भाकीत चुकले तर चेंडूला नव्हे, भाकिताला दुरुस्त करावे.